वाचणारा आवाज आहे, मजकूर कुठाय?

सेमिस्टर संपत आली की कुठल्याही कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो. ‘नोट्स आहेत का कुणाकडे?’ आणि मग धडाधड फोटो येऊन पडतात. कुणाच्या तरी वहीची पानं, झेरॉक्सच्या झेरॉक्सचे तिरके फोटो, एका कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा, दुसऱ्या कोपऱ्यात कटिंगचा ग्लास. सगळे ‘थँक्स भावा’ म्हणतात, बदाम टाकतात आणि अभ्यासाला बसतात. सगळे म्हणजे जवळजवळ सगळे.

माझी एक मैत्रीण राज्यशास्त्र घेऊन बीए करतेय. तिला जन्मापासून दिसत नाही. लॅपटॉप ती सर्रास वापरते, तो तिला वाचून दाखवतो आणि ती ऐकते. असाइनमेंट टाइप करणं, ईमेल, फॉर्म भरणं, यूट्यूब, सगळं तिचं तिच करते. पण ग्रुपवरच्या त्या पन्नास-साठ फोटोंवर आलं की तिचा लॅपटॉप एकच शब्द बोलतो, ‘ग्राफिक’. पुढचा फोटो, पुन्हा ‘ग्राफिक’. मग कुणाला तरी फोन. ‘अगं, जरा वाचून दाखवतेस का?’ परीक्षेच्या आदल्या रात्री कुणाला वेळ असतो? तिलाही ते विचारायला जिवावर येतं.

माझं म्हणणं सरळ आहे. कम्प्युटरला आज मराठी वाचता येतं. तो आवाज फुकट मिळतो आणि पाच-दहा मिनिटांत सुरू होतो. पण त्याच्यापुढे ठेवायचा मराठी मजकूर आपण अशा रूपात तयार करतोय, की त्याला तो वाचताच येऊ नये. फोटो, स्कॅन, जुने फॉन्ट. यातलं बरंचसं बदलणं आपल्याच हातात आहे, आणि ते करायला कुठल्या कंपनीची किंवा सरकारी योजनेची वाट बघायची गरज नाही.

आधी आवाज बसवून घ्या

‘टेक्स्ट-टू-स्पीच’ म्हणजे लिहिलेला मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. रेल्वे स्टेशनवरची घोषणा आणि मॅप्समधली ‘डावीकडे वळा’ सांगणारी बाई आपल्या ओळखीची आहे, तसाच आवाज आपल्या लॅपटॉपवरही येऊ शकतो. १९७६ साली रेमंड कर्झवाइल यांनी छापील पान वाचून दाखवणारं यंत्र आणलं, तेव्हा ते टेबलभर पसरायचं. आज तेच काम आपल्या खिशातला फोन करतो आणि आपल्यातल्या बहुतेकांनी ते बटण एकदाही दाबलेलं नसतं.

सगळ्यात सोपा रस्ता एज ब्राउझरचा. विंडोजच्या लॅपटॉपवर तो आधीपासून असतोच. (आपण तो फक्त क्रोम डाउनलोड करण्यापुरता उघडतो, ते सोडा.) कुठलंही मराठी पान किंवा पीडीएफ त्यात उघडा आणि कंट्रोल, शिफ्ट आणि यू या तीन कळा एकत्र दाबा. वर एक पट्टी येते. तिथल्या आवाजाच्या पर्यायांत मराठी शोधा. ‘आरोही’ आणि ‘मनोहर’ अशी दोन नावं दिसतील. एक निवडा आणि ऐका. पहिल्यांदा ऐकताना गंमत वाटते, कारण आवाज चांगलाच माणसासारखा आहे. वाक्य कुठे संपतं, प्रश्न कुठे आहे हे त्याला बऱ्यापैकी कळतं. एवढं लक्षात ठेवा, की हे आवाज इंटरनेटवरून येतात. म्हणजे नेट गेलं की आरोहीही गेली. आणि मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर जातो, म्हणून खासगी कागदपत्रं वाचायला हा मार्ग नको.

कम्प्युटरवरच बसणारा आवाज हवा असेल, तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग ‘टाइम अँड लँग्वेज’, त्यात ‘स्पीच’, आणि तिथे ‘ॲड व्हॉइसेस’. या यादीतून हिंदी आणि भारतीय इंग्रजी आवाज उतरवून घेता येतात. वर्डमध्ये ‘रिव्ह्यू’ टॅबखाली ‘रीड अलाउड’ असतं. अँड्रॉइड फोनवर सेटिंग्जच्या सर्च पट्टीत ‘टेक्स्ट-टू-स्पीच’ टाइप केलं की गुगलचं इंजिन सापडतं, त्यात मराठीचा व्हॉइस डेटा उतरवून ठेवला की नेट नसतानाही चालतं.

आणि जे खऱ्या अर्थाने यावर अवलंबून आहेत, त्यांच्यासाठी एनव्हीडीए आहे. हा ‘स्क्रीन रीडर’ आहे. फक्त लेख वाचून थांबत नाही, तर स्क्रीनवर तुम्ही कुठे आहात, कुठलं बटण निवडलंय, कुठली फाइल उघडली, सगळं बोलतो. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या दृष्टिहीन तरुणाने २००६ साली याची सुरुवात केली, पुढे जेम्स टे हा त्याचा दृष्टिहीन मित्र त्याला येऊन मिळाला. त्या वेळी चांगले स्क्रीन रीडर भयंकर महाग होते. ‘ज्यांना दिसतं त्यांना स्क्रीन वापरायचे वेगळे पैसे पडत नाहीत, मग आम्हालाच का?’ हा साधा प्रश्न त्यामागे होता. म्हणून एनव्हीडीए पहिल्यापासून फुकट आहे, त्याचा कोडही सगळ्यांसाठी खुला आहे. पेन ड्राइव्हवर टाकून कॉलेजच्या लॅबमधल्या पीसीवरही चालवता येतो.

एनव्हीडीएबरोबर ‘ईस्पीक’ नावाचा आवाज येतो आणि त्यात मराठी आहे. आता हा आवाज आरोहीसारखा गोड नाही. पत्र्याच्या डब्यातून कुणी बोलतंय असं वाटतं. कारण तो कुणा माणसाच्या रेकॉर्ड केलेल्या बोलण्यावर बेतलेला नाही, उच्चाराचे नियम देऊन तो मुख्यतः गणिताने तयार होतो. म्हणूनच आकाराने तो एकदम चिमुकला आहे आणि साध्यातल्या साध्या मशीनवरही अडखळत नाही.

मला वाटायचं, चांगला आवाज असताना हा कोण वापरत असेल? मैत्रिणीला विचारलं तर ती हसली. म्हणाली, ‘तू गाणं ऐकतेयस का? मला पुस्तक संपवायचंय.’ आणि तिने तिच्या नेहमीच्या वेगाने एक पान लावलं. मला एक शब्द कळला नाही. नुसती ‘टरर्र’ अशी शिलाई मशीन चालल्यासारखी आवाजाची धार. तिला मात्र पूर्ण परिच्छेद कळला होता, तिने मला सांगून दाखवला. माणसासारखे आवाज वेग वाढवला की अनेकदा एकमेकांत मिसळतात. ईस्पीकचा उच्चार वेगातही स्वच्छ राहतो, की-बोर्डवर बोट पडताक्षणी तो बोलतो. शिवाय आवाजाची सवय हाही भाग असतोच. स्टीफन हॉकिंग यांचा १९८५ साली शस्त्रक्रियेनंतर आवाज गेला आणि ते कम्प्युटरच्या आवाजात बोलू लागले. पुढे कितीतरी सुधारलेले आवाज आले, पण त्यांनी तो जुना यांत्रिक आवाज बदलला नाही. तोच त्यांचा आवाज झाला होता.

मराठीत त्याची जीभ कुठे अडते?

मराठी आवाज परफेक्ट आहेत असं मी म्हणणार नाही. आपल्या भाषेत ‘च’ दोन आहेत. ‘चार’मधला वेगळा, ‘चारा’मधला वेगळा. ‘ज’चंही तेच, ‘जेवण’ आणि ‘जास्त’ म्हणून बघा. लिहिताना अक्षर एकच, म्हणजे मशीनने ओळखायचं कसं? ‘जरा थांब’मधला ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’ कागदावर अगदी सारखे दिसतात. आपण संदर्भाने ओळखतो, मशीन कधी ओळखतं, कधी आपटतं. मराठी मजकूर हिंदी आवाजाला वाचायला दिला तर मजाच मजा. ‘माझा चमचा’ ऐकताना आपली आजी उत्तर प्रदेशातून आलीय की काय असं वाटतं.

पण या चुका सहन होतात. त्या सुधारतायतही. आयआयटी मद्रासने पुढाकार घेतलेल्या भारतीय भाषांच्या आवाजांच्या प्रकल्पात मराठी आहे, केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ उपक्रमातही आहे. एखादा ‘च’ चुकला म्हणून कुणी नापास होत नाही. नापास होतं ते वाचायला काही मिळालंच नाही की. आणि इथे मी माझ्या मुद्द्यावर येते.

‘मराठी’चं झालं ‘ई जे के बी एच’

इंटर्नशिपच्या पहिल्याच आठवड्यात मी एक शब्द शिकले, ‘कन्व्हर्टर’. मराठी छपाईच्या जगात हा शब्द न कळणारा माणूस नवखा समजावा. कारण आपल्याकडे मराठी टाइप करण्याच्या दोन दुनिया आहेत. एक युनिकोडची. दुसरी श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टची. एका दुनियेतला मजकूर दुसरीत न्यायचा तर कन्व्हर्टरमधून काढावा लागतो.

फरक समजून घ्या, कारण सगळा घोळ इथेच आहे. कम्प्युटरला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. ‘म’चा क्रमांक २३५०. जगातल्या कुठल्याही फोनवर, कुठल्याही फॉन्टमध्ये २३५० म्हणजे ‘म’च. जुन्या फॉन्टमध्ये तसं नाही. तिथे मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. कृतिदेवमध्ये ‘म’चा आकार इंग्रजी ‘ई’च्या जागेवर आहे. म्हणजे स्क्रीनवर आपल्याला ‘म’ दिसतो, पण फाइलच्या पोटात १०१ हा आकडा असतो आणि १०१ म्हणजे इंग्रजी ‘ई’. ‘र’च्या जागी ‘जे’, कान्याच्या जागी ‘के’, ‘ठ’च्या जागी ‘बी’, दुसऱ्या वेलांटीच्या जागी ‘एच’.

म्हणजे कृतिदेवमध्ये तुम्ही ‘मराठी’ असं लिहिलंत, तर वाचणाऱ्या आवाजाच्या लेखी ते ‘ई जे के बी एच’ असतं. तो बिचारा तेच वाचणार. एका वीस पानी नोट्सच्या फाइलमध्ये ‘मराठी’ हा एकही शब्द नसतो, ‘लोकशाही’ नसतो, ‘संविधान’ नसतो. फक्त इंग्रजी अक्षरांचा चिवडा. डोळ्यांना मात्र सगळं सुंदर, सुवाच्य दिसतं. म्हणूनच कुणाला शंकाही येत नाही.

आता जरा आजूबाजूला बघा. विभागाच्या नोटिसा, प्रश्नपेढ्या, संदर्भ साहित्य, महोत्सवाची नियमावली, स्पर्धा परीक्षांच्या क्लासची मराठी पुस्तिका. यातलं किती युनिकोडमध्ये आहे? आणि जे आहे तेही पुष्कळदा प्रिंट काढून, सही-शिक्का मारून, पुन्हा स्कॅन करून पीडीएफ बनवून येतं. म्हणजे मजकुराचा पुन्हा फोटोच. चांगला टाइप केलेला मजकूर आपण मुद्दाम फोटोत कोंडतो आणि वेबसाइटवर टाकतो. जिथे आपण डोळ्यांनी वाचणारेही कंट्रोल-एफ मारून आपलं नाव शोधू शकत नाही.

आणि आपण विद्यार्थी तर त्याच्याही पुढे. मराठीत बोलायचं, पण टाइप करायचं इंग्रजी अक्षरांत. ‘काय करतोयस, लेक्चरला येतोयस का’ हे आपण रोमन लिपीत लिहिलं, की इंग्रजी आवाज ते ‘के कार्टोयास’ अशा थाटात वाचतो. मैत्रीण म्हणते, ‘ग्रुपवरचे निम्मे मेसेज मला अंदाजानेच कळतात. जोक तर सोडूनच दे.’

याचा परिणाम काय होतो ते तिच्याकडूनच कळलं आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. दहावी-बारावी तिने मराठी माध्यमातून केली. तिचं मराठी आपल्यापैकी अनेकांपेक्षा चांगलं आहे. पण बीएला तिने हळूहळू इंग्रजी साहित्य वाचायला सुरुवात केली. आवड म्हणून नाही. इंग्रजी पुस्तक, इंग्रजी लेख, इंग्रजी पीडीएफ तिचा लॅपटॉप वाचतो आणि मराठी वाचत नाही म्हणून. ‘मराठीत विचार करते आणि इंग्रजीत अभ्यास करते, कारण मराठी मला मिळत नाही,’ असं ती म्हणाली.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. दर २७ फेब्रुवारीला कॉलेजात मराठी भाषा गौरव दिन होतो, ग्रंथदिंडी निघते, नऊवारी आणि फेटे घालून सेल्फी काढतो. त्या कार्यक्रमाची पत्रिका ग्रुपवर कशी येते? फोटो म्हणून. मराठीचा गौरव कुठे आणि किती वाजता आहे, हे तिला कुणालातरी विचारावं लागतं.

‘एका मुलीसाठी एवढं कशाला?’

हा प्रश्न तोंडावर कुणी विचारत नाही, पण मनात असतो. उत्तर देते.

पहिलं म्हणजे ती एकटी नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, त्यात सुमारे ५० लाख जणांना दृष्टीचं अपंगत्व होतं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ साली झाला आणि त्यानुसार सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये किमान ५ टक्के जागा दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी राखीव आहेत. जागा ठेवली, ॲडमिशन दिली आणि वाचायला काही दिलं नाही, तर त्या जागेचा उपयोग काय? याच कायद्याचं ४२ वं कलम छापील, दृक्-श्राव्य आणि इलेक्ट्रॉनिक मजकूर सर्वांना वापरता येईल अशा रूपात मिळण्याबद्दल बोलतं. म्हणजे ही कुणाची मेहेरबानी नाही.

दुसरं, ऐकून वाचणारे फक्त दृष्टिहीन नसतात. ‘तारे जमीन पर’ बघून आपण सगळे रडलो. त्या ईशानसारखी अक्षरांशी झगडणारी मुलं मोठी होऊन आपल्याच वर्गात बसलेली असतात, आणि शब्द डोळ्यांपुढे असताना तोच कानावरही पडला की त्यांना मोठा आधार मिळतो. विरार किंवा कर्जतहून लोकलमध्ये दीड तास उभ्याने येणाऱ्याला पुस्तक उघडता येत नाही, पण इअरफोन लावता येतो. मी स्वतः प्रत्येक बातमी देण्याआधी आरोहीकडून वाचून घेते. एकच शब्द दोनदा पडलाय, क्रियापद राहिलंय, वाक्य श्वास संपेपर्यंत लांबलंय, हे डोळ्यांच्या नजरेतून सुटतं, कानातून सुटत नाही. निबंध, एसओपी, प्रोजेक्ट रिपोर्ट, काहीही सबमिट करण्याआधी हे करून बघा.

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे. ‘आता फोटोतली अक्षरं ओळखणारी सॉफ्टवेअर आलीत की! गुगल लेन्स आहे. मग आम्ही कशाला टाइप करू?’ खरंय, आहेत, आणि मराठी छापील मजकूर ती बऱ्यापैकी ओळखतात. पण स्वच्छ छापलेलं सरळ पान वेगळं आणि आपल्या वहीतलं घाईघाईचं हस्ताक्षर वेगळं. तिरका फोटो, पानावर सावली, जोडाक्षर, तक्ता, दोन रकान्यांची मांडणी आली की निकाल गडबडतो. ‘कलम १९’चं ‘कलम ११’ झालं तर दिसणाऱ्याला शंका येईल, ऐकणाऱ्याला येणार नाही, कारण तपासायला मूळ पान त्याच्यापुढे नाहीच. शिवाय साठ फोटो एकेक करून ओळखून घ्यायचे, चुका काढायच्या, क्रमाने लावायचे, हे काम दरवेळी तिनेच का करायचं? एकाने मूळ मजकूर नीट दिला तर साठ जणांचं काम होतं.

आणि कॉपीराइटची भीती कुणी दाखवत असेल, तर तीही निकालात काढू. दिव्यांग व्यक्तींसाठी पुस्तक वाचता येईल अशा रूपात बदलायला आपल्या कॉपीराइट कायद्याने २०१२ च्या दुरुस्तीपासून परवानगी दिलेली आहे. याच विषयावरचा जागतिक माराकेश करार २०१३ साली झाला आणि २०१४ साली त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे दिव्यांगांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय चालू आहे. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठीचं संसाधन केंद्र २००३ पासून काम करतंय. म्हणजे कायदा आहे, सॉफ्टवेअर आहे, करून दाखवलेली उदाहरणं आहेत. अडलंय ते आपल्या रोजच्या फाइलींपाशी.

मग करायचं काय?

मी मोठमोठ्या मागण्या करत नाहीये. चार गोष्टी आहेत, चारही फुकट.

एक, मराठी टाइप करायचं ते युनिकोडमध्येच. फोनवर मराठी की-बोर्ड आहेच. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक की-बोर्ड मिळतो, इंग्रजी की-बोर्डवरच उच्चारानुसार टाइप करा, अक्षर देवनागरीत उमटतं. टाइप करायचा कंटाळा येत असेल तर गुगल डॉक्समध्ये व्हॉइस टायपिंग मराठीत चालतं. तुमच्या वहीतलं पान वाचून दाखवा, ते टाइप करेल, मग चुका दुरुस्त करा. वाचता वाचता तुमची उजळणीही होईल.

दोन, फाइल पाठवण्याआधी तपासायची. फाइलमधल्या दोन ओळी कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे मराठीच दिसलं तर ठीक. इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसला तर जुना फॉन्ट आहे, युनिकोडमध्ये बदलून घ्या. कॉपीच होत नसेल तर तो मजकूर नाहीच, फोटो आहे. पीडीएफमध्ये कधीकधी युनिकोड असूनही जोडाक्षरं तुटतात, म्हणून सोबत वर्डची फाइलही पाठवा. आणि मथळ्यांना नुसतं बोल्ड करू नका, वर्डमधली ‘हेडिंग’ स्टाइल द्या. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला मग एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर उडी मारता येते. नाहीतर पंधराव्या पानावरचा मुद्दा गाठायला पहिल्यापासून ऐकत बसावं लागतं.

तीन, पोस्टर टाकताना खाली चार ओळी. काय, कुठे, कधी, नाव कुठे नोंदवायचं. इन्स्टाग्रामवर फोटोला ‘ऑल्ट टेक्स्ट’ देता येतो, तिथे फोटोत काय आहे ते एका वाक्यात लिहा. फेस्टची सोशल मीडिया टीम रील्ससाठी रात्र रात्र जागते, तिला हे एक मिनिटाचं काम जड नाही.

चार, कॉलेजला विचारायचं. प्राचार्यांना, ग्रंथपालांना, विद्यार्थी परिषदेला. आपल्या लॅबच्या किती पीसींवर एनव्हीडीए आहे? ग्रंथालयात एखादा स्कॅनर आणि अक्षर ओळखणारं सॉफ्टवेअर आहे का? विभागाच्या नोटिसा स्कॅन न करता थेट मजकूर म्हणून का देता येत नाहीत? नोट्स टाइप करण्याचं काम एनएसएसच्या तासांत का धरता येऊ नये? गावाला जाऊन झाडू मारतानाचे फोटो काढण्याइतकंच, खरं तर जरा जास्तच उपयोगाचं ते काम आहे. एका वर्गातल्या वीस जणांनी एकेक प्रकरण टाइप केलं तर एका सेमिस्टरच्या नोट्स दोन रविवारांत तयार होतात. त्या पुढच्या बॅचलाही चालतात.

राजकुमार रावचा ‘श्रीकांत’ आला तेव्हा दृष्टिहीन उद्योजकाची ती गोष्ट बघून थिएटरात टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारे आपणच होतो. त्यातल्या मुलाची जिद्द आपल्याला आठवते, पण त्याच्यापर्यंत पुस्तक वाचता येईल अशा रूपात पोहोचवायला कुणीतरी बसून खपलेलं असतं, हे आपण विसरतो. प्रत्येक वर्गात सिनेमा निघण्याइतकी जिद्द असलेला विद्यार्थी नसतो, आणि साध्या नोट्स मिळवायला कुणाला एवढी जिद्द लागूही नये.

म्हणून आज रात्री एक करा. तुम्ही ग्रुपवर शेवटची पाठवलेली नोट्सची फाइल काढा. एजमध्ये उघडा, मराठी आवाज निवडा, डोळे मिटा आणि पाच मिनिटं फक्त ऐका. कळलं, तर छान. नाही कळलं, तर ती फाइल नीट करून त्याच ग्रुपवर पुन्हा टाका.